बुवा की बहिणी

बाबा, जुन्या रेकॉर्डी पुन्हा निघू लागल्या आहेत, हे ऐकून तुम्ही आधी हसला असता. देवळीचं लाउडस्पीकरचं दुकान तुम्ही बंद केलंत तेव्हा कॅसेटींनी तुमच्या रेकॉर्डींची अडगळ करून टाकली होती. आता लोक त्याच रेकॉर्डी हौसेनं घेतात, नव्याकोऱ्या, जाड, हातात वजन जाणवेल अशा, आणि घरी बसून मन लावून ऐकतात. जुन्यातल्या कोणत्या पुन्हा काढायच्या, हे मुंबईच्या एका कंपनीत मी ठरवते. तुमच्या मुलीला गाणी ऐकायचा पगार मिळतो, बाबा.

यंदाच्या यादीत शेवटची एकच जागा उरली होती आणि समोर दोन रेकॉर्डी होत्या, दोन्ही आपल्या दुकानातल्या. एक तुमच्या लाडक्या बुवांची, ख्यालाची. दुसरी आपल्याच भागातल्या दोघी बहिणींची, लग्नाच्या गाण्यांची. ती तुम्ही नाइलाजानं ठेवली होती, कारण तिच्याशिवाय लग्नघरं तुम्हाला बोलावतच नसत.

मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. नवी रेकॉर्ड आली की तुम्ही मशीन तिथे आणता, कारण घरातला एकमेव धड प्लग तिथेच आहे. आई पोळ्या लाटते आहे. बहिणी विहिणीची थट्टा सुरू करतात आणि आईचं लाटणं पोळपाटावर ठेका धरतं. तुम्ही भिंतीला टेकून तोंड वाकडं करता. "याले गाणं म्हंते का कोणी?"

"मंग लोकं काऊन मांगून राह्यले?" आई मान वर न करता विचारते.

तुम्ही पिन उचलता, बुवांची रेकॉर्ड लावता आणि मला म्हणता, "आता आयक. याले म्हंते गाणं." मी हात पुढे केला की दटावता, "हात पूस आंधी. शेवेचं तेल गाण्याले लावतं काय?" अजूनही कचेरीत रेकॉर्ड उचलण्याआधी मी ओढणीला बोटं पुसते. बाकीच्यांना ती माझी लकब वाटते.

आमचे साहेब तुमच्याच पंथाचे. "वजनदार रेकॉर्डवर वजनदार गाणंच शोभतं," असं त्यांनी बैठकीत सांगून टाकलं. बुवांची मूळ टेप ठणठणीत होती, जाणकार ती घेणार हेही नक्की होतं. खरं सांगायचं तर मलाही बुवाच हवे होते. तुमच्यासाठी काही करायची अशी संधी पुन्हा कुठे मिळणार होती? तरी न ऐकता निकाल द्यायचा नाही, म्हणून मी बहिणींची टेप काढून घेतली आणि कानाला चांगले हेडफोन लावून बसले.

बाबा, त्यात बांगड्या आहेत. टाळी पडली की आधी हाताचा आवाज येतो आणि मागून काचेच्या बांगड्यांचा. आपल्या भोंग्यातून त्या कधी ऐकू आल्याच नव्हत्या. एका ठिकाणी थोरली ओळ अर्धवट सोडून फसकन हसते. धाकटी दबक्या आवाजात म्हणते, "हासू नको ना वं बाई, थो मशीनवाला पाहून राह्यला." मग रेकॉर्डिंग करणारा तो मशीनवालाही हसतो. गाणं पुन्हा सुरू होतं तेव्हा दोघींच्या आवाजात ते हसू तसंच असतं. जुन्या रेकॉर्डवर हे कापून टाकलं होतं.

मी तोच तुकडा साहेबांना ऐकवला. हाताची घडी घालून बसले होते. टेप हसण्यापाशी आली आणि तेही हसले, मग म्हणाले, "पुन्हा लाव." मी म्हटलं, "साहेब, बुवा भोंग्यावरही बुवाच होते. त्यांचं मोठेपण सगळ्यांनी ऐकलंय. या दोघी आजवर पुऱ्या ऐकूच आल्या नाहीत. पुन्हा काढायचीच तर ही काढू." त्यांनी यादीत बुवांच्या नावावर रेघ ओढली. "हसणं कापायचं नाही," एवढंच म्हणाले आणि बैठक संपली. जिन्यात पोचेपर्यंत मी शहाण्यासारखी चालले. नंतर धावले.

नमुन्याची पहिली रेकॉर्ड घेऊन मी वर्ध्याला उतरले, ऑटो केली आणि पिपरी मेघेला आईकडे गेले. ती आता तिथे माझ्या धाकट्या भावाकडे राहते. गुडघे दुखतात, कान मात्र शाबूत आहेत. ती मशीनजवळ खुर्ची ओढून बसली. पहिल्या टाळीलाच तिनं हात वर केला. "ह्या बांगड्या कुठून आल्या?"

"पहिल्यापासून होत्या, आई."

"मंग तुह्या बाबानं काऊन नाई आयकवल्या?"

विहिणीच्या गाण्याला शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. आईनं त्यांना आत ओढलं आणि प्रत्येक कडव्यात वरपक्षाची आणखी फजिती जोडून म्हणू लागली. रेकॉर्ड संपली की पुन्हा लावायला लावायची. धाप लागली तेव्हा कुठे टेकली आणि मला विचारलं, "आन थ्याईचे बुवा?"

"राहिले या वेळी."

"रागावले असते चार दिस," ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली. "मंग सोताच लावली असती."

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. बुवांचा विलंबित चालू असताना मी डोळे मिटून बसायचे आणि तुम्ही आईला खुणेनं सांगायचात, भांडं वाजवू नको, पोरगी रंगली आहे. बाबा, मी झोपलेली असायचे.