शेवटच्या नळापुढचा आकडा

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. सगळे ठीक आहात, वाचून बरं वाटलं. मीही ठीक. गुडघा कुरकुरतो, पण त्याला कोण विचारतंय! केस रंगवणं सोडलं. कार्यालयातल्या मुली म्हणतात, 'मॅडम, आता कुठे खऱ्या मॅडम दिसायला लागलात.'

तुझ्या लेकीला पुन्हा दिवस गेलेत, हे वाचून पत्र हातात घेऊन खिडकीशी किती वेळ उभी होते कोण जाणे. पाचवा महिना! तू लिहिलंयस, 'या खेपेला तू हवीस. मावशीनं तपासलेलंच पाणी तिला पाजीन.'

ताई, ते वाचून वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

मागच्या आठवड्यात इथे मोठी परिषद झाली. पाणी, संडास, हात धुणं यावर बोलायला सात-आठ देशांतून माणसं आली होती. नव्या मुलींना शिकवते तेच मी तिथे सांगितलं. पाणी टाकीतून निघताना शुद्ध असून भागत नाही, पिणाऱ्याच्या भांड्यात पडताना शुद्ध हवं. म्हणून तपासायचं ते ओळीतल्या शेवटच्या नळावर. टाळ्या पडल्या. मग कुठल्याशा दूरच्या देशातल्या सुईणीनं दुभाष्याकरवी विचारलं, 'तुमच्या बायका खरंच शेवटच्या घरापर्यंत जातात?' मी म्हटलं, 'जातात.' ती हसली. भल्या मनानं हसली, पण मला तिच्याकडे बघवेना.

तुमच्या गल्लीतलं शेवटचं घर तुझं.

चार वर्षं का आले नाही, म्हणून तू दर पत्रात विचारतेस. बदली, काम, गुडघा, सगळी कारणं सांगून झाली. फोनवर खरं सांगायला जीभ उचलली नाही, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी तुमच्या गल्लीतली पाइपलाइन दुरुस्त होऊन दोन दिवसांनी पाणी सुटलं, त्या सकाळी मी टाकीवर तपासणी केली. औषधाचे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन पुरेसं. मग तुझ्या नळावर यायचं होतं. पण तुझ्याकडे आलं की तास मोडतो. 'आल्या पाणीवाल्या बाई! चपला तिथेच, आधी हात धू, तुझंच भाषण तुला,' असं तू म्हणणार, चहा टाकणार, आईच्या आठवणी काढणार. मला अजून तीन गल्ल्या उरकायच्या होत्या. कोपऱ्यावरूनच मागे फिरले आणि वहीत शेवटच्या नळापुढे टाकीचाच आकडा लिहिला.

दुपारी तुझा फोन. 'जरा गढूळ वाटतंय ग, उकळू का?'

'कशाला गॅस जाळतेस?' मी म्हटलं. 'तपासलंय मी.'

सव्वा महिन्यानं, तुझ्याकडे बाळंतपणाला आलेल्या पोरीला कावीळ झाली. ती वाचली. पोटातलं बाळ गेलं. मागाहून खोदलं तेव्हा तुझ्या दाराजवळच्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरताना सापडलं. सगळे म्हणाले, नशीब. दवाखान्याच्या बाकावर माझ्या खांद्यावर डोकं टेकून तू म्हणालीस, 'तू तर तपासलं होतंस बाई, तुझा काय दोष?' तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नुसता तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यानंतर एकही शेवटचा नळ चुकवला नाही. त्यानं काही भरून येत नाही, हे मला कळतं. काल वरिष्ठांनाही सगळं लेखी कळवलं. ते काय करायचं ते करोत.

पण ताई, ज्या एका तासाची मला त्या दिवशी घाई झाली होती, त्याच तासासाठी आता जीव तुटतो. तुझं ते तिरकं बोलणं, 'बस ग, पाणी कुठे पळून जात नाही' म्हणत माझी पिशवी ओढून घेणं. इथे माझी पिशवी कोणी ओढत नाही.

पोरीला हे दाखवायचं की नाही, ते तू ठरव. तिचं पाणी मात्र आजपासून खळखळून उकळ, कुणीही तपासलेलं असलं तरी. आणि एवढं वाचूनही मी यावं असं वाटलं, तर दोन शब्द लिही. नाही लिहिलेस तर तुझं चुकलं असं मी मनातसुद्धा म्हणणार नाही. वाट मात्र बघीन. ती बघू नकोस, असं सांगू नकोस.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझी,
धाकटी