सव्वीस पिढ्या आणि दोन कोपरं

देगू, ४ मार्च १९९७

चि. ब्यंगमु यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझी लेक दाओन इस्पितळातून परस्पर माझ्याकडे आली. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. वर केल्या तर दोन्ही कोपरांवर लाल चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रा. तीस वर्षं मी हेच अंगावर वागवते आहे. मला कुणी शिकवायला नको. नऊ महिने पोरगी नायट्याचं मलम चोळते आहे आणि चट्टे पसरताहेत! घरात आणखी कुणाला आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तू छातीठोकपणे नाही म्हणालास म्हणे. मी काय अंगणातल्या किमचीच्या रांजणातून जन्मले? मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत आमचा पहिला धडा खोटं बोलू नये हा होता. तुझ्या शाळेला बहुधा त्या दिवशी सुट्टी असावी. डॉक्टरांना आजच लिही.

राग आहे, माया त्याहून जास्त आहे.
तुझी ताई, अगाथा


आंदोंग, ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खोटं बोललो नाही. घराण्याची वंशावळ उघडून बसलो, सव्वीस पिढ्या पाहिल्या, भावकीतल्या वडीलधाऱ्यांना विचारलं. तू लग्न होऊन गेलीस; तुझ्या जागी तिथं दाजींचं नाव आहे. मग तुझं दुखणं आपल्या घराण्याचं कसं? शरदात दाओनचं लग्न ठरतंय. 'आनुवंशिक' हा शब्द एकदा कागदावर चढला, की मुलाकडचे उंबऱ्यावरूनच परततील. तू तोंडाची तिखट, पण एवढ्यापुरती गप्प राहा. पाया पडतो.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा ब्यंगमु


देगू, १४ मार्च

चि. ब्यंगमु यास,
आशीर्वाद.

गप्प राहिले नाही. काल दाओनबरोबर गेले आणि जाकीट काढून दोन्ही कोपरं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. सासरी गेल्यानं रक्त बदलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सोरायसिस दिसतो म्हणाले. दाओनच्या कातडीचा तुकडा तपासायला पाठवलाय. रक्तातून येते ती नुसती प्रवृत्ती. ती सगळ्यांत उमटत नाही, कधी घशाच्या दुखण्याचं निमित्त होतं, कधी काळजीचं. तुमचं आधी कळलं असतं तर नायट्याचं मलम केव्हाच थांबवलं असतं, असंही म्हणाले.

मग विचारलं, तुम्हाला कुणाकडून आलं? मी म्हटलं, वडिलांकडून. ऐन उन्हाळ्यात मोजे घालणारे, सार्वजनिक न्हाणीघराची पायरी कधी न चढलेले आपले आबा. मी त्यांच्या फक्त पावलांवरचे चट्टे पाहिले होते. शेवटची आंघोळ त्यांना थोरला मुलगा म्हणून तू घातलीस. पाठ तू पाहिलीस.

दाओन शेजारीच बसून ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, की बाबांना माहीत होतं का. मी म्हटलं, ते बाबांनाच विचार. ते उत्तर माझं नव्हे. रविवारी ती घरी येते आहे. तिच्याकडे बघून बोल.

लोभ ठेवायचा तो आता तिच्यावर ठेव.
अगाथा