कोऱ्या ओळी

४ मार्च
दादाला निलंबित केलं. कागदावर कारण एका ओळीत – भोंगा वाजत असताना बॉयलर बंद केला नाही. बॉयलर फुटला, फिटर त्यात गेला. तो आमच्याच रांगेत, तीन घरं सोडून राहायचा.
स्फोटाच्या दिवशी दादा म्हणाला होता, "भोंगा वाजलाच नाही." नंतर तपासला तर भोंगा ठणठणीत. तीन दिवसांनी दादाचा लेखी जबाब – "वाजला असेल. माझं लक्ष नव्हतं."
का बदललास, विचारलं.
"जेव गुपचूप."

६ मार्च
आई: "कारखान्यातलं सगळं संगणकावर तूच बघतेस ना? मग भोंगा वाजला का, ते तुला दिसत नाही होय?"
नाही दिसत. बॉयलरच्या दाबाच्या फाइली मला उघडता येतात. त्या वाचून भोंगा वाजवणारा प्रोग्राम मात्र माझ्या आधी हे काम बघणाऱ्या मास्तरांनी लिहिलेला, निवृत्त होण्याआधी, एका जुन्या भाषेत. ती नंतर कोणी शिकलं नाही. मीही नाही. चालतंय ना, मग कशाला.

९ मार्च
शिकतेय. सगळं स्टॅकवर चालतं – ताटांची चळत असते तसं. आकडा वाचला की वर ठेवायचा. पुढचा शब्द, म्हणजे हुकूम, वरचाच आकडा उचलतो. तो कधीचा आहे, हे विचारत नाही. दिवसभरात दोन आकडे वाचून बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला, सरावाला. बेरीज चुकली.

१० मार्च
चुकली.

१३ मार्च
मास्तरांना फोन केला. खोकत होते. "वाचू नकोस पोरी, मोज. प्रत्येक ओळीला चळतीवर किती आले, किती गेले, ते मी शेजारी लिहून ठेवलंय. जुळणार नाही तिथे थांब."
दादा मागे उभा. "कशाला डोकं खपवतेस? वकील म्हणतो, फार तर दोन वर्षं आत." बसची वेळ सांगावी तसं.

१७ मार्च
ओळ एकेचाळीस. शेजारी लिहिलंय – एक आला. प्रत्यक्षात एकही येत नाही.
ही ओळ फाइलमधल्या कोऱ्या जागांसाठी आहे. तार सैल झाली की दाबाचा आकडा येत नाही. तेव्हा मास्तर चळतीवर ९९९ ठेवत, म्हणजे काही कळत नसेल तर भोंगा वाजेल. ते ९९९ काढलेलं आहे. त्यामुळे कोऱ्या ओळीला मागचाच आकडा वर राहतो आणि तोच पुन्हा तपासला जातो.
त्या दिवशीची फाइल चालवली. ११.४० पासून स्फोटापर्यंत बावीस ओळी कोऱ्या. बावीस वेळा ११.३९चाच दाब. मर्यादेच्या आत. भोंगा वाजला नाही. दादा खरं बोलत होता.
बदलाची तारीख तीन वर्षांपूर्वीची. माझ्या नोकरीचा दुसरा आठवडा. पुढे माझी आद्याक्षरं.
आठवलं. दादाच म्हणाला होता, "दिवसातून दहादा उगाच बोंबलतो तो भोंगा. ए शहाणे, बघ की जरा." मी एक आकडा पुसला. भोंगा गप्प. भाषा येत नव्हती. कोणाला विचारलं नाही. दादाने चारचौघांत माझं कौतुक केलं होतं.

१८ मार्च
दादाला ओळ दाखवली. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही.
"मला तिसऱ्याच दिवशी आठवलं," म्हणाला. "बंद कर ते. चहा टाक."
चहा टाकला.

१९ मार्च
चौकशी अधिकाऱ्यांना ओळ एकेचाळीस वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, ही आद्याक्षरं कोणाची?
सांगितलं.