पाहुण्यांचं नेट

अनुज,

वरणभात झाकून ठेवलाय. मी माणिकपूरला, तुझ्या बहिणीकडे, हेमालीकडे निघाले.

दुपारी नेटवाला आला होता. राउटरची वायर सैल झाली होती, ती त्याने बसवली. मग मीच विचारलं, हेमालीशी व्हिडिओवर बोलताना माझाच फोन का अडकतो? तू म्हणाला होतास, मागच्या खोलीत रेंज येत नाही. म्हणून मी रोज बाहेर ओट्यावर मच्छरांत बसून बोलायचे, तरी अडकायचाच.

त्याने फोन बघितला. म्हणाला, "मावशी, रेंज फुल आहे. तुम्हाला गेस्टवर टाकलंय." एकाच राउटरवर दोन वायफाय असतात म्हणे, एक घरच्यांचं आणि एक आल्यागेल्याचं. आल्यागेल्याचा पासवर्ड वेगळा, स्पीडही कमी. ही सेटिंग आपोआप होत नाही, कुणीतरी बसून करावी लागते.

वायफायच्या नावापुढे गेस्ट दिसायचं. मला वाटायचं, कंपनीचं नाव असेल.

गोखिवऱ्याचं हे घर बांधताना रोज गास गावाहून येऊन भिंतींना पाणी मी मारलंय. तुझ्या रीमाच्या ऑफिसच्या मीटिंगला नेट कमी पडत होतं, तर तसं सांगायचंस. मी फोन बंद ठेवला असता. रेंजचं खोटं कशाला?

फोनमधून तुमचं वायफाय काढून टाकलंय.

घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे तुला मीच शिकवलं.

जाते.

आई