तात्यांचा पहिला शब्द

३ फेब्रु., मंगळ.
तात्या बोलले! अर्धांगाचा झटका आल्यापासूनचा पहिलाच शब्द. "चहा." त्यांच्या बायकोने, काकूंनी, देवापुढे साखर ठेवली. मुलगा संदीप फर्स्ट शिफ्टला निघाला होता, तो दारातून परत फिरला आणि बापाचा हात धरून रडला. मलाही भरून आलं. पण त्या शब्दामागे घशात गुरगुर होती. म्हणजे थुंकीसुद्धा नीट गिळता येत नाहीये, चहा सरळ फुफ्फुसात उतरेल. नाकातली नळी राहणार, तोंडाने काही नाही. तसं सांगितलं. नर्स म्हणून आनंदावर विरजण घालायचाच पगार घेते मी.

४ फेब्रु., बुध.
पुनावळ्याहून कुरुळीला तात्यांच्या घरी पोचेपर्यंत ट्रॅफिकने जीव काढला. डोकं आधीच तापलेलं. इकडे तात्यांचं दिवसभर "चहा, चहा", तेही माझ्याकडे बघून.
काकू म्हणाल्या, "च्याच मागत्यात न्हवं, इख तर न्हाई! आमी काय त्यांचं वाईट करनार व्हय?"
भडकले. न्यूमोनिया झाला तर मला बोलवू नका, म्हटलं. अख्ख्या आळीला ऐकू गेलं असणार. नंतर ओल्या बोळ्याने तात्यांचे ओठ पुसायला गेले, तर त्यांनी तोंड फिरवलं.

५ फेब्रु., गुरु.
आल्या आल्या खटकलं. श्वास भरभर, अंग कोमट, ऑक्सिजन उतरलेला. स्टेथो लावला, छातीत उजवीकडे खाली चरचर ऐकू आली.
संदीप म्हणे, "पंखा लागला असेल सिस्टर. संध्याकाळपर्यंत बघू की."
नाही बघायचं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लगेच आणा, आणि तोंडाने काही गेलंय का विचारा. संदीप गाडी काढायला गेला. काकूंना विचारलं. "न्हाई," भिंतीकडे बघत.
आवाज चढत होता, आवरला. शेजारी खाली बसले. "काकू, आवडला का हो त्यांना चहा?"
बांध फुटला. "निम्मी वाटी दिली गं काल, तू गेल्यावर. माझ्याकडं बघून हसलं. मग लई खोकलं. तुला फोन करावा वाटलं, पन तू वरडली असतीस."
फोन आला असता तर कालच...
ओरडले असते. खरं आहे.

७ फेब्रु., शनि.
हॉस्पिटल. तात्यांना मास्क, ताप हटत नाही. डॉक्टरांना वाटीचं सगळं सांगितलंय. संदीपला नाही. "असं अचानक कसं झालं हो?" विचारत होता. काकू खाली बघत राहिल्या. ते त्यांनीच सांगावं. मी जोर करणार नाही.
दुपारी मास्कच्या आत ओठ हलले. काय मागताहेत ते दोघींना कळलं.
काकू हळूच म्हणाल्या, "कवा द्यायचा ते तू सांग. तवर मी न्हाई देनार."
आता माझं ऐकतात. आणि कधी देता येईल, मुळात येईल का, मलाच माहीत नाही.