जिथे चिंधी, तिथे त्रास

सोम. ५ जाने.
पूजा आटोपून बचत गटाची बैठक परबवहिनींकडे. पापड ह्याही महिन्यात तसेच पडून. बिल्डिंगीत प्रत्येकीच्या घरी पापड, मग विकत घेणार कोण? हे आम्हाला करायच्या आधी सुचलं नाही.
खालच्या मजल्यावरची रंजना कामाला जायची तो साकीनाक्याचा कारखाना बंद पडला. अकरा वर्षं दप्तरांचे पट्टे शिवले तिने. नवरा गेल्यापासून एकटीच. २५ ला भाऊ खेडहून येणार, तिला आणि शिलाई मशीन घेऊन जाणार. म्हणाली, "भावाच्या घरात मी म्हणजे एक ताट जास्त." गटाचं काही नवीन उभं राहिलं तरच इथे राहील. वीस दिवस.
तळमजल्यावरच्या कांबळ्यांची प्रणाली म्हणाली, काकू, मी येते, नवीन वस्तू कशी सुचते ते दाखवते. ऑफिसात तिचं हेच काम. लोकांना काय काय त्रास होतो ते विचारत फिरायचं. त्याचा पगार!
हे म्हणाले, "माझ्याकडे पाठव. मी फुकट सांगतो."

गुरु. ८ जाने.
प्रणाली आली. नियम : एक तास कुणी कुणाच्या बोलण्याला 'नाही' म्हणायचं नाही. जी म्हणेल तिने चहा करायचा. मी पाच मिनिटांत तीनदा म्हटलं. चहा मीच केला.
मग चिठ्ठ्या. (जुन्या लग्नपत्रिका कापून मीच दिल्या, पाठ कोरीच असते.) रोजचा त्रास लिहा म्हणाली. उघडल्या तर सगळ्यांत नवरे आणि सासवा. परबवहिनी तर चिठ्ठी न लिहिता तोंडीच, "माझो त्रास थंय बसान टीव्ही बघता." पोट धरून हसलो.
प्रणाली म्हणाली, "काकू, नवरा काही बदलून देता येत नाही. वस्तूंचा त्रास लिहा."
माझी चिठ्ठी : 'काही त्रास नाही. देवाची कृपा.' खोटं नव्हतं. तक्रार करणं म्हणजे देणाऱ्याला नावं ठेवणं, आईने असंच शिकवलं.
निघताना ती पाणी प्यायला माझ्याकडे आली. ओट्याशी उभी राहून बघत बसली. "काकू, किती चिंध्या हो!" मला लाज वाटली. ती म्हणाली, "लाजू नका. जिथे चिंधी बांधलीय तिथे त्रास आहे. माणूस विसरतं, चिंधी विसरत नाही."

शुक्र. ९ जाने.
आज घरातल्या चिंध्या मोजल्या. नळाच्या तोंडाला. कुकरच्या दांड्याला. मिक्सरच्या झाकणाला. वाऱ्याने वाजणाऱ्या खिडकीच्या कडीला. देवघराखालच्या पाटाच्या डुगडुगत्या पायाला. ह्यांच्या चष्म्याच्या काडीला. अकरा! सगळ्या मीच बांधलेल्या, एकही बांधल्याची आठवण नाही.
म्हणजे तोंड गप्प होतं आणि हात तक्रार करत होते.
बाजारात गेले तर जिकडे तिकडे तेच. रिक्षावाल्याच्या हँडलला. भाजीच्या गाडीच्या दांड्याला. कोळणीच्या कोयत्याच्या मुठीला. कांजूरच्या ह्या रस्त्याने तीस वर्षं चालले. सगळं जग चिंध्यांनी बांधून उभं आहे आणि मला आजवर दिसलं नाही. कोथिंबीर घ्यायची राहिली.

शनि. १० जाने.
बैठक माझ्याकडे. आज 'नाही' एकदाच म्हटलं, तेही कुकरच्या शिट्टीला. कल्पनांचा पाऊस. परबवहिनी : टोपली दोरीने खाली सोडू, भाजी वर ओढू. रंजना : जिन्यात टेकायला घडीचं स्टूल. प्रणाली सगळं लिहून घेत होती, वेडगळसुद्धा.
मी बाजाराची पिशवी रिकामी करत होते, तळाशी माझं फडकं निघालं. "हे कशाला?" प्रणाली. म्हटलं, "पिशवीच्या बंदांना गुंडाळायला. चार मजले चढायचे, लिफ्ट नाही. बोटं कापतात." सहज बोलले. परबवहिनींनी पर्समधून रुमाल काढला. "मी ह्यो गुंडाळतंय." रंजना म्हणाली, "मी पदर."
प्रणाली म्हणाली, "हात दाखवा."
आम्ही हात पुढे केले. प्रत्येकीच्या चार बोटांवर आडवी, कडक झालेली रेघ. सगळ्यांची एकाच जागी.
रोज उठल्याबरोबर मी तळहात बघते, श्लोक म्हणते, मग जमिनीला पाय लावते. लहानपणापासून. आणि ही रेघ दिसली नाही कधी. देवा, काय बघत होते मी?
रंजना उठून गेली. तासाभराने आली. उरलेल्या पट्ट्याचा तुकडा, आत स्पंज, दोन्ही बंदांभोवती फिरवून टिचबटण. मी त्यात दहा किलो तांदूळ धरून चौथ्या मजल्यावर आले. हात लाल नाही! परबवहिनींनी नाव ठेवलं : मूठ.

शुक्र. १६ जाने.
माझ्याकडे हळदीकुंकू. वाण म्हणून मूठ. एकवीस. दर वर्षी प्लॅस्टिकच्या वाट्या लुटतो, त्या कुणाच्याच कामाच्या नसतात. प्रणाली म्हणाली हीच परीक्षा, आठ दिवस कोण वापरतं ते बघा.
रंजनाला बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाण तिच्या हातचं आणि ती दाराबाहेर, हे मनाला पटेना. कुंकवाचा करंडा पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कपाळ पुढे केलं. देव कोपेल वाटलं होतं. समई शांत जळत होती.

मंगळ. २० जाने.
चार दिवस जिन्यात आणि बाजारात पाळत. एकीच्याही हातात मूठ नाही! फडकी, रुमाल, पदर, जुनंच सगळं.
रंजनाने मशीनसाठी गोणपाट आणलं, बांधून न्यायला.
शेवटी विचारलं. परबवहिनी : "गो, इतकी बरी वस्तू, कांद्या-बटाट्यांक कशी वापरू? कपाटात ठेवलंय." दुसरी म्हणाली लेकीला देणार. तिसरी म्हणाली गणपतीत काढीन.
रागावून घरी आले. माझी मूठ कुठाय? देवीपुढे! हळदकुंकू वाहून ठेवलेली. मीच.

बुध. २१ जाने.
प्रणालीला सांगितलं, वाटलं आता ती हात टेकेल. तिने टाळ्या वाजवल्या. "काकू, केवढं सापडलं! त्रास बरोबर होता. वस्तू फार चांगली झाली."
जेवता जेवता सुचलं. नवं कोरं आपण जपतो. चिंधी जपत नाही. मग मूठ चिंधीचीच असली तर? प्रत्येकीने आपलीच विरलेली साडी द्यायची, रंजना शिवेल. आत स्पंज तोच, बटण तेच.
सांगायला खाली गेले. रंजना गोणपाटाची घडी करत होती. माझी जुनी इरकल तिच्या मांडीवर ठेवली. ती बराच वेळ त्यावरून हात फिरवत होती.

शनि. २४ जाने.
तीन दिवसांत चौदा शिवल्या. आज संध्याकाळी जिन्यात उभी होते. परबवहिनी आल्या, हातात त्यांच्या हिरव्या साडीची मूठ, आत मासळीची पिशवी. मागून तिसऱ्या मजल्यावरची. मग आणखी एक. एकीलाही भान नव्हतं की आपण काही वापरतोय. वर चढत आमटीबद्दल बोलत होत्या. मी कठडा धरून उभी राहिले. देवळात गाभारा उघडल्यावर होतं तसं झालं.
शेजारच्या बिल्डिंगीतली एक बाई रंजनाकडे स्वतःची साडी ठेवून गेली. एकच. एकीवर पोट चालतं का, हे रंजनाने विचारलं.

रवि. २५ जाने. रथसप्तमी
सूर्याची पूजा. दूध उतू घालवलं.
अकराला रंजनाचा भाऊ आला. खाली गेले. तांदूळ, कोकम, दोन नारळ, दोन्ही हातांत पिशव्या, स्टेशनपासून चालत आलेला. पिशव्या ठेवून हात झटकत होता. म्हणाला, "ताई, टेम्पोवाला दोनला येईल. मशीन बांधलं?"
रंजनाने त्याचा हात धरून उलटा केला. बोटांवर चार लाल वळ. मग दांडीवरचा त्याच्या दाजींचा जुना सदरा काढला आणि मशीनपाशी बसली.
"अगं, वेळ नाहीये," भाऊ.
"बस रे. चहा घे."
चहा मी केला. आता पावणेदोन. वर आलेय, हे लिहितेय. खालून मशीनचा आवाज येतोय. गोणपाट अजून घडी घातलेलंच आहे.