सईच्या नावापुढची खूण

रविवार, मार्च. चँडलर.

दुपारी इथलं, अमेरिकेचं टॅक्स रिटर्न भरायला बसलो आणि सईच्या नावापाशी अडकलो. लेक जन्मली तेव्हापासून दरवर्षी तिला डिपेन्डन्ट, म्हणजे माझ्या खर्चावर अवलंबून, दाखवतोय. त्या चौकोनात खूण करायला हात आपोआप जातो. पण यंदा सॉफ्टवेअरच्या एका प्रश्नावर थांबलो. मुलीने स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः केला का?

केला. तिने इंजिनिअरिंग सोडून थिएटर घेतलं, तेव्हा मीच ओरडलो होतो, "मग शीक स्वतःच्या पैशाने." रागात बोललो होतो. तिने ते खरं केलं. फी, भाडं, सगळं दोन नोकऱ्या आणि स्वतःच्या नावावरच्या कर्जातून. मी काय दिलं? फॅमिली प्लॅनवरचा फोन. दिवाळीचा फराळ धरायचा का? मूर्खासारखा तोही विचार करून झाला.

शेवटी फोन लावला. "सई, यंदा मी तुला डिपेन्डन्ट दाखवू शकत नाही. नियमात बसत नाही. तू तुझं वेगळं भर."

"आय ऑलरेडी फाइल्ड, बाबा. डिपेन्डन्ट म्हणूनच."

"अगं, पण ते चूक आहे! नुकसान तुझंच. दुरुस्त कर."

"आय नो." मग मराठीत, "मला वाटलं, तुला ती खूण करायची असेल."

फॉर्म कसा दुरुस्त करायचा ते सांगितलं आणि फोन ठेवला. तो चौकोन रिकामाच ठेवला. तेव्हा रागात बोललो होतो, एवढं सांगायचं मात्र आजही राहिलं.